आधी लिहायला शिकावं

बाई साडेअकरापासून बाकावर बसली होती आणि शिपायानं तिच्याबद्दल सांगितलं साडेबाराला, तेही चहाचा कप उचलता उचलता. "कुणीतरी कागद घेऊन आलीय. तुमच्याच हातात द्यायचा म्हणते. माझ्याकडे दे म्हटलं, तर पिशवी छातीशी धरून बसली." टेबलामागच्या चिटणिसानं चष्मा कपाळावर चढवला. समारंभ आठ दिवसांवर आला होता आणि टेबलावर पाच मानपत्रांची शेवटची प्रुफं पसरली होती. लहान मुलांना वाचनाची गोडी लावणाऱ्या माणसांचा आणि मंडळांचा संस्था दरवर्षी सन्मान करायची. त्या निवड समितीचा तो चिटणीस. तिसऱ्या मानपत्रात 'दीपस्तंभ' हा शब्द दोनदा आला होता आणि त्यातला कुठला विझवावा या विचारात तो होता. "पाठव," तो म्हणाला, आणि बाई आत आली ती भाजलेल्या पिठाचा नि साखरेचा वास घेऊनच. अंगात कारखान्याचा निळा डगला, वय पस्तिशीच्या आसपास, बोटांना चिकटपट्टीचे पांढरे तुकडे. बस म्हटलं तरी ती बसली नाही. पिशवीतून तिनं एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर उलगडला, आणि तिचं अक्षर दिसायच्या आधी त्याला त्यावरची लाल शाई दिसली. ती त्याचीच होती.

"सर, हा तुम्हीच तपासलात ना?"

हो म्हणताना त्यानं मनातल्या मनात कंबर कसली. भांडायला आलेली माणसं त्याला नवी नव्हती. दर वर्षी दोन-चार यायचीच, आणि त्यांच्यासाठी निकष, मुदत, समितीचा निर्णय ही वाक्यं त्याच्या जिभेवर तयार असायची. पण बाई हसली. "मला वाटलंच. खाली सही नव्हती, पण पाकिटावर तुमचं नाव होतं. एवढं कुणी तपासत नाही हो. मी शाळेत दोनच वर्षं गेले, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मास्तर माझ्या पाटीवर नुसती फुली मारायचे. तुम्ही एकेक चूक धरून वर बरोबर लिहून दिलंत. एक्केचाळीस होत्या. मी मोजल्या." मग तिनं दुसरा कागद काढला. तो नवा होता, रेघा आखलेला, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून आणलेला. "अकरा वेळा लिहिला. जुन्या चुका सुधारल्या की नव्या व्हायच्या. आणि शेवटी तुम्ही लिहिलं होतंत ना, आधी लिहायला शिकावं. म्हणून थांबले. शिकले, आणि मग आणला. सहा आठवडे लागले, सर." डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या असं सांगणाऱ्या रोग्यासारखी ती सांगत होती.

त्याला आधी काही उमगलंच नाही. मग त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जुन्या कागदाच्या तळाशी, त्याच्या त्या वळणदार, छापखान्यात नावाजलेल्या अक्षरात, पूर्ण वाक्य होतं: 'वाचनाचा सन्मान मागणाऱ्यांनी आधी लिहायला शिकावं.' बाई अजून बोलत होती. पाळणाघरातल्या मावशींना या महिन्याअखेरीस काढणार आहेत, पाळणाघर एजन्सीला चाललंय, मॅनेजरसाहेब म्हणाले की सन्मान-बिन्मान मिळाला तर वर शब्द टाकून बघू, म्हणून सगळ्याजणींनी तिला आज अर्धा दिवस सुट्टी काढून पाठवलंय. "उशीर नाही ना झाला?" तिनं विचारलं. त्याच्या कोपराखाली निमंत्रणपत्रिका होती, पाच नावांची, छापून आलेली. तो म्हणाला, "बघतो." एवढं म्हणून थांबायला हवं होतं, पण वर म्हणाला, "ठेवून जा." तिनं दोन्ही कागद ठेवले, मग काहीतरी आठवून लाल शाईचा पुन्हा उचलला. "हा माझ्याकडेच राहू दे, सर. आमच्या पाळणाघरात भिंतीला लावलाय." आणि ती गेली. वास मात्र बराच वेळ खोलीत राहिला, आणि शिपायानं येऊन विचारलं, "बिस्किटं आणली होती का हो तिनं?"

त्यानं तो नवा कागद वाचला. खरं तर पहिल्यांदाच वाचला. सहा आठवड्यांपूर्वी याच मजकुरावरून त्याची नजर शब्दागणिक अडखळत, दंश करत गेली होती. 'पाळनाघरातलि', 'मावशि', 'मुल देत नाहि'. कागद त्यानं कानाकोपऱ्यातून तपासला होता आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. आता शब्द सरळ उभे होते. 'आमच्या पाळणाघरातली मावशी एक पान वाचल्याशिवाय मूल देत नाही. पाळी संपल्यावर आम्ही दमून येतो. ती म्हणते, आधी मांडीवर घे, एक पान वाच, मग घेऊन जा. आम्ही म्हणालो, आम्हाला येत नाही. ती म्हणाली, चित्र येतं ना, चित्र वाच. आम्ही चित्र वाचलं. दुसऱ्या वर्षी अक्षरं वाचली. माझ्या मुलीला चार वर्षं झाली, तिला आणि मला एकाच महिन्यात वाचता यायला लागलं. अशा आम्ही सतरा जणी आहोत. मुलं तेवीस. मावशीला कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. पगार तेवढाच आहे.' एवढंच. खाली सतरा सह्या, त्यातल्या काही अजून अंगठ्याच्या सवयीनं कागदात खोल दाबून केलेल्या.

त्याला तो मंगळवार आठवला, आणि आठवू नये असं वाटूनही सगळाच्या सगळा आठवला. त्र्याहत्तर अर्ज आले होते. अर्ज स्वच्छ व शुद्ध भाषेत असावा, ही अट त्यानंच दोन वर्षांपूर्वी घालून घेतली होती. त्या दिवशी त्याची तब्येत खुशीत होती, खिडकीतून ऊन येत होतं, लाल पेनात नवी कांडी होती. हा कागद हातात आल्यावर त्याला राग आला नव्हता, गंमत वाटली होती. हीच गोष्ट आता सगळ्यात जास्त बोचत होती. रागात माणूस काहीही बोलून जातो असं म्हणता येतं. त्यानं ते वाक्य चवीनं लिहिलं होतं, एक शब्द बदलून पुन्हा वाचून पाहिलं होतं, आणि मग पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. कारकून पोट धरून हसला होता. हसता हसता म्हणाला होता, "काका, तुम्ही म्हणजे तुम्हीच." आणि त्यालाही बरं वाटलं होतं. नामंजूर अर्ज परत पाठवायचे असतात. कारकुनानं छापील चिठ्ठीसोबत तोच कागद पाकिटात घातला. मुद्दाम घातला असंही नव्हतं. कामाचा भाग.

छापखान्यात त्याला 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणायचे. टाइप जुळवणारी पोरं त्याच्या पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर म्हणायला लागली, आणि त्यानं ते बिरुदासारखं वागवलं. एकतीस वर्षं तो मुलांच्या पुस्तकांची प्रुफं वाचत होता. पहिलीच्या आधीची, मोठ्या टायपातली, पानाला एक चित्र नि दोन ओळी असलेली पुस्तकं. त्या दोन ओळींत चूक राहिली तर ती लाख मुलांच्या डोळ्यांत जाते, असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. त्याच्या हातून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली नाही. निवृत्तीच्या वेळी संस्थेनं त्याला समितीवर बोलावलं ते त्याच लौकिकावर. बालवाचनाच्या क्षेत्रात आयुष्य वेचलेले, असं त्याच्याबद्दल अध्यक्षबाई भाषणात म्हणाल्या होत्या आणि त्यानं नम्रपणे मान खाली घातली होती. आता त्याच्या मनात आलं की या एकतीस वर्षांत आपलं एखादं पुस्तक उघडताना आपण एकही मूल पाहिलं नाही. पुस्तकं गठ्ठ्यांनी बाहेर जायची. ती कुणाच्या मांडीवर जातात, हे त्याला कधी पडलंच नव्हतं.

दुपारनंतर तो अध्यक्षबाईंच्या घरी गेला. त्या दिवाणखान्यात भाषण लिहीत बसल्या होत्या. तो म्हणाला, एक अर्ज राहून गेलाय, चांगला आहे, सहावं नाव घालता येईल का. त्यांनी कागद घेतला, वाचला, चष्मा काढून पुसला. "किती साधं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हा आधी का नाही आला?" इथं त्याला सांगता आलं असतं. खोलीत दोघंच होती. त्याला शब्दही सुचले होते, पण तोंडातून आलं ते असं: "उशिरा आला. मुदतीनंतर." हे खोटं बोलून झाल्यावर त्याला जाणवलं की यात आपण आळ घातला तो त्या बाईवर. वेळेवर आलेल्या बाईवर. अध्यक्षबाईंनी हळहळून मान हलवली. "मग कसं करणार हो? पत्रिका गेल्या, पाहुण्यांना नावं कळवली. एकाला मुदत सोडली की उद्या दहाजण दारात. तुम्हीच नेहमी सांगता ना, नियम म्हणजे नियम." मग समजूत घालावी तशा म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी मावशी तिथे नसेल हे त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की ते तुम्हाला कसं कळलं, मग बाई आली होती हे निघालं असतं, मग लाल कागद. त्यानं मनातल्या मनात त्या साखळीच्या कड्या मोजल्या आणि चहा संपवला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहते, दर चार-पाच दिवसांनी फोन करते, तब्येत, औषधं, जेवण विचारते. चांगली मुलगी आहे. लिहून मात्र कधी काही पाठवत नाही. सगळं जग फोनवर चार ओळी लिहून मोकळं होतं. ती बोलून पाठवते, किंवा सरळ फोनच करते. त्याला वाटायचं, तिला आवाज ऐकायचा असतो. आज तिचं 'औषध घेतलंत का' होऊन गेल्यावर त्यानं विचारलं, "तू लहानपणी आत्याकडे गेली होतीस तेव्हाचं ते पत्र तुला आठवतं का गं?" पलीकडे क्षणभर भांड्याचा आवाज थांबला. सात वर्षांची होती. आई आजारी म्हणून तिला महिनाभर आत्याकडे ठेवलं होतं. तिथून तिनं स्वतःच्या हातानं पहिलं पत्र लिहिलं होतं: 'बाबा मला तुमचि आठवन येते.' त्यानं 'चि' दीर्घ केली, 'न' चा 'ण' केला, 'बाबा' पुढे स्वल्पविराम घातला आणि तेच पत्र उलट टपाली परत पाठवलं. कौतुकानंच पाठवलं होतं. आपल्या मुलीनं शुद्ध लिहावं असं कुठल्या बापाला वाटत नाही?

"आठवतं की," मुलगी म्हणाली. "आत्यानं वाचून दाखवलं होतं. मी तिला विचारलं, पण बाबांना माझी आठवण येते का, ते कुठे लिहिलंय? तिनं कागद उलटासुलटा करून बघितला." मग ती हसली. जुनं झालेलं, न दुखणारं हसू होतं ते. "का हो, आज काय मध्येच?"

"काही नाही. असंच."

"बाबा, तुम्हाला बरं आहे ना?"

"बरं आहे," तो म्हणाला. मग त्यानं फोन ठेवला. येत होती गं, असं म्हणायला दोन सेकंद लागले असते. पण चाळीस वर्षांनी ते म्हणणं म्हणजे पुन्हा तिच्याच वाक्यात काहीतरी घालण्यासारखं झालं असतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

दोन दिवसांनी, पाळी सुटायच्या वेळेला, तो बिस्किटांच्या कारखान्यापाशी गेला. पाळणाघर मागच्या अंगाला होतं, पूर्वीच्या सायकल ठेवायच्या शेडला भिंती घालून केलेलं. पत्र्याखाली उकडत होतं. तेवीस मुलं चटयांवर, कुणी झोपेतून उठून चिडलेलं, कुणी दुसऱ्याचा बूट चघळणारं, आणि त्यांच्या मध्ये पाय पसरून बसलेली एक जाडजूड, पिकल्या केसांची बाई एका मुलीचं नाक पुसत होती. तीच मावशी. त्यानं नाव सांगितलं. ती उठली नाही. तिनं त्याला पायांपासून वरपर्यंत बघितलं आणि शेजारचं लहान मुलांचं स्टूल पुढे सरकवलं. गुडघे हनुवटीला लावून तो बसला. समोर भिंतीवर खिळ्याला त्याचा कागद लटकत होता. तळाचं वाक्य इतक्या लांबूनही सहज वाचता येत होतं. अक्षर सुरेखच होतं.

इतक्यात भोंगा झाला आणि बायका आल्या. निळे डगले, विस्कटलेले केस, पायांत त्राण नाही. एकेक दाराशी वाकून चप्पल काढायची, आपलं मूल उचलायची आणि मावशीनं पुढे केलेलं पुस्तक घेऊन भिंतीशी बसायची. खोलीत एकदम कुजबुज झाली, मग गलका. कुणी बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत होती, कुणी नुसतं चित्र सांगत होती, एक मुलगा आईचं बोट ओढून मागच्या पानावर नेत होता, हेच पुन्हा म्हणून. त्यातली तीन पुस्तकं त्याच्या हातून गेलेली होती. एकाचं पान फाटून शिवलेलं, एकावर दात उमटलेले. त्यातल्या दोन ओळी त्याला पाठ होत्या, आणि समोरची बाई त्या चुकीच्या वाचत होती, 'नदी' ला 'नांदी' म्हणत होती, मूल मात्र तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होतं. कुणी थांबवलं नाही. पान संपलं की मावशी 'जा' म्हणायची आणि मायलेकरं जायची.

"त्या कागदाबद्दल आलो होतो," तो खालच्या आवाजात मावशीला म्हणाला. "शेवटचं जे वाक्य आहे, ते मी... म्हणजे शिकवायच्या हेतूनं नव्हतं लिहिलेलं."

"ठाऊक आहे मला."

"काय?"

"टोमणा आहे तो." मावशी एका मुलाच्या डगल्याची बटणं लावत होती; वर बघितलं नाही. "पाकीट आलं तेव्हा ती धावत माझ्याकडेच घेऊन आली. तिला लाल लाल बघून रडू फुटायच्या बेतात होतं. म्हणाली, मावशी, खाली काय लिहिलंय ते तू वाच. मी म्हटलं, अगं, एवढ्या मोठ्या माणसानं तुझ्यासाठी बसून एकेक अक्षर सुधारून दिलंय, आणि म्हणतोय शीक, शिकलीस की ये. तशा आवाजात वाचलं. आवाजावर असतं सगळं." तिनं शेवटचं बटण लावलं. "मला वाचता येतं, साहेब."

त्यानं स्टुलावरून उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. "मी तिला सांगतो," तो म्हणाला. "खरं काय ते सांगून तिची माफी मागतो. आत्ताच."

आता मावशीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "काही गरज नाही," ती म्हणाली. आवाज मुलांशी बोलायचा तोच होता, पण त्यात हालचाल नव्हती. "त्या एका ओळीवर ती सहा आठवडे पहाटे उठून लिहीत बसलीय. पॅकिंगमधल्या चौघीजणी तिचं बघून वह्या घेऊन बसल्या. तुम्ही सांगाल, तुमचं मन हलकं होईल, घरी जाऊन सुखानं झोपाल. तिनं काय करायचं? तुमचं ओझं तुमच्यापाशी ठेवा. न्यायला तिला मूल आहे."

मग ती बाई आलीच. मुलीला कडेवर घेऊन, त्याला पाहून लाजून हसली, आणि मागच्या बायकांना म्हणाली, "हेच ते सर." सगळ्याजणी थांबल्या. त्यांना वाटलं, तो पाहणी करायला आलाय. कुणीतरी चटकन जमिनीवरची चटई सरळ केली. एकीनं मुलाचं नाक पदरानं पुसलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "यादी आधीच ठरून गेली होती. मावशींचं नाव त्यात नाही. आता घालता येत नाही. अर्ज वेळेवर आला होता. मीच बाजूला ठेवला. चूक माझी आहे." एवढं त्याला बोलता आलं, आणि तेवढं तरी खरं होतं. बूट चघळणारं पोर चघळत राहिलं. बाई त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडला, मग तिनं तो सावरला, जणू त्यालाच धीर द्यायचा होता. "नाही, सर," ती म्हणाली, "चुका माझ्याच होत्या. एक्केचाळीस होत्या ना."

समारंभ पार पडला. पाच मानपत्रं त्यानं व्यासपीठावरून वाचली, एकाही जागी न अडखळता. सभागृहाला तीच सवय होती. सन्मान मिळालेली माणसं खरोखरच चांगली होती, एक जोडपं तर रेल्वेच्या फलाटावर तान्ह्या मुलांना पुस्तकं वाटत वीस वर्षं फिरत होतं. त्यांना टाळ्या वाजवताना त्याला कुठेही खोटं वाटलं नाही. पण भाषणात अध्यक्षबाई म्हणाल्या, 'यंदा त्र्याहत्तर अर्जांतून अत्यंत काटेकोर छाननी करून', आणि त्याच्याकडे बघून हसल्या, तेव्हा त्यानं बुटाची नाडी बांधण्यासाठी मान खाली घातली. नाडी सुटलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्याच्या मॅनेजरला संस्थेच्या कागदावर पत्र लिहिलं. चांगलं पत्र होतं, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं म्हणता येईल असं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: एजन्सीशी करार झालेला आहे, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. त्यात 'भावनांचि' असं छापलं होतं. त्याचा हात पेनाकडे गेला नाही, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं समितीला राजीनामा लिहिला, महिनाअखेरपासूनचा. कारण प्रकृतीचं दिलं. प्रकृती ठणठणीत होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती बाई पुन्हा ऑफिसात आली, यावेळी शिपायानं तिला थांबवलं नाही. "आम्हीच करतोय मावशींचा सन्मान," ती म्हणाली. "पाळी सुटल्यावर. तुम्ही यायलाच हवं, सर." नाही म्हणायला त्याला सतरा कारणं सापडली असती. तो गेला. शेडमध्ये तीच चटई, तीच मुलं, पण बायकांनी डगले काढून घरचे कपडे घातले होते आणि कुणीतरी टेबलावर चादर टाकली होती. मावशीला मोठ्या खुर्चीत बसवलं होतं. ती अवघडून बसली होती; मांडीवर मूल नसताना हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. शेजारी एक खुर्ची रिकामी होती. ती त्याच्यासाठी होती. तो मागे भिंतीशी उभा राहायला गेला तर चौघींनी मिळून त्याला ओढत पुढे आणलं.

बाईनं मानपत्र वाचलं. स्वतः लिहिलेलं, वहीच्या पानावर. बोट ठेवून, सावकाश, प्रत्येक शब्दाशी थांबून. 'कृतज्ञता' या शब्दाशी ती अडली. 'कृत' म्हणाली आणि थांबली. खोली थांबली. तिच्या कडेवरची पोर, जिला सगळे बटण म्हणत, आईच्या ओठांकडे बघत होती. त्याच्या तोंडात तो शब्द पूर्ण तयार होता, त्यानं ओठ घट्ट मिटले. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, 'कृत... द्न्य... ता,' आणि कपाळावरचा घाम पुसून पुढे गेली. टाळ्या झाल्या. मावशी रडली नाही. तिनं कागद घेतला, वरपासून खालपर्यंत खरोखर वाचला, घडी घातली आणि पोलक्यात ठेवला. मग म्हणाली, "मी गेल्यावर पान चुकवाल तर बघा. एजन्सीची बाई देईल मूल तसंच. तुम्ही घेऊ नका."

त्याला वाटलं, संपलं. तो उठायला लागला. पण बाईनं त्याला हात करून थांबवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "अजून एक सन्मान आहे." तिनं वहीचं पान उलटलं. "हे सर. यांनी आमचा कागद तपासला. मोठ्या माणसाला वेळ नसतो, तरी यांनी एकेक अक्षर बघितलं. यांच्यामुळे आम्ही पाचजणी लिहायला शिकलो." पत्र्याचा एक डबा पुढे आला, बिस्किटांनी काठोकाठ भरलेला, झाकण बसत नव्हतं. सतरा बायका उभ्या राहिल्या. आयांचं बघून मुलंही टाळ्या वाजवायला लागली, ज्यांना जमत नव्हतं ती जमिनीवर हात आपटायला लागली. त्यानं मावशीकडे बघितलं. ती एकटीच होती जी हे थांबवू शकली असती. तीही टाळ्या वाजवत होती, त्याच्या डोळ्यांत बघत, संथपणे, बाकीच्यांचा गलका ओसरल्यावरही. त्यानं तोंड उघडलं. मावशीनं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून.

बाई डबा धरून उभी होती आणि तिचे हात जड वजनानं थरथरत होते. त्यानं एक हात पुढे केला. दुसऱ्या हातानं तो खुर्चीची पाठ धरून होता.

"दोन्ही हातांनी घ्या, साहेब," मावशी म्हणाली. "सांडेल."

त्यानं दोन्ही हातांनी घेतला.